मोजून पाणी

दिवसाला सातशे मिली, डॉक्टरांनी सांगितलं.
पेज धरून, चहा धरून, गोळीचा घोट धरून.
मी फेणीची जुनी बाटली राखेने घासून घेतली,
लेकीच्या नेलपॉलिशने बाहेरून एक रेघ ओढली:
इथवर.
साडेसातशेच्या बाटलीत वर पन्नास मिली रिकामी राहते.
तो दिवसभर त्या रिकाम्या जागेकडे बघतो.

अस्नोड्याच्या ह्या भाटातला एकूण एक माड
ह्याच माणसाने तीस वर्षं पाडला.
कमरेला कोयती, पायात काथ्याचा फास,
वरून हाक मारायचा, ‘रत्नाबाये, बाजूक सर गो,’
मग धप्प, धप्प.
आता सिस्टर आग्नेला भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवते,
केळं नको, टोमॅटो नको,
आणि शहाळं तर अजिबात नको.
तो हसला. म्हणाला, सिस्टर, तो धंदा होता माझा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिली कदंबा.
म्हापशाच्या आझिलोत दोन यंत्रं बंद,
एक मनात आलं तर चालतं.
चार तासांचं रक्त तीन तासांत धुऊन उठवतात,
कारण बाहेर बाकावर साळगावचा मास्तर बसलाय,
त्याच्या शेजारी थिवीची पोर, शाळेच्या गणवेशात.
तिच्यासमोर मी कधी तक्रार केली नाही.
घरी येऊन केली. भांड्यांजवळ.

घर म्हणजे मुंडकाराचं घर.
भिंती आमच्या, जमीन भाटकाराची,
छप्पर कुणाचं ते अजून ठरायचंय.
दुरुस्तीला सरकारी पैसे मिळतात, पंचायतीतला विराज म्हणाला,
फक्त भाटकाराची सही आणा.
भाटकाराच्या पेटीला ह्यानेच खांदा दिला होता.
वारस पाच. एक लिस्बनला, दोघे स्विंडनला, एक वांद्र्याला,
पाचवीचा पत्ता इतर चौघांनाही ठाऊक नाही.
मामलेदाराकडे केस आहे, एकोणीस वर्षांची.
तिला मतदानाचं वय होऊन गेलं,
आमच्या छपराला नळे आले नाहीत.

पाडेली आता मिळत नाही, मिळालाच तर माडामागे दीडशे मागतो.
म्हणून नारळ वरच सुकतात
आणि त्यांच्या मर्जीने उतरतात.
एक मागच्या महिन्यात थेट चुलीपाशी आला.
मी तो फोडला, माझ्यापुरतं हुमण केलं.
भोकावर निवडणुकीचा बॅनर ताणलाय,
घाईत छापील बाजू खाली आली.
हात जोडलेला एक माणूस रात्रभर
आमच्याकडे बघून हसत असतो.

तेव्हापासून हा रात्री खाट सरकवायला लावतो.
अंधारात कान देऊन सांगतो,
‘विहिरीकडच्या माडाची पेंड सुटायला आलीय,
वीतभर उजवीकडे घे.’
अजून एकदाही चुकलेला नाही.

पेन्शन तीन महिने नाही.
खिडकीतला म्हणाला, हयातीचा दाखला राहिलाय.
मी म्हटलं, हा काय उभा आहे.
तो म्हणाला, उभं राहून चालत नाही, बाई.

मी पाणी विहिरीवर जाऊन पिते.
दोन वर्षं झाली. कळशीला तोंड लावून, पाठमोरी,
घशाचा आवाज घरात जाऊ न देता.
परवा रात्री परतले तर हा जागा.
म्हणाला, ‘हांगा बसून पी गो.
मला ऐकू येऊ दे.’

तांब्या भरला. खाटेच्या कडेला टेकले.
एक घोट. मग दुसरा.
त्याने डोळे मिटले,
माडावरून खालच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला,
‘आणखी थोडं. सावकाश.’

बाहेर एक नारळ सुटला.
अंगणात पडला, घरात नाही.